गॅरेज आवरायचंय? आधी फरशी मोकळी करा

काम संपेल तेव्हा गॅरेजच्या फरशीला तीनच गोष्टी टेकलेल्या असाव्यात: गाडीची चाकं, कूलरचे स्टँड आणि रॅकचे पाय. बाकी सगळं भिंतीवर, रॅकवर किंवा घराबाहेर. या लेखातली प्रत्येक पायरी याच एका नियमासाठी आहे.

नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरच्या फरशीला भिंतीलगत भेगा पडतात. त्या भेगांतून ओल वर येते आणि ओलीमागून उधई, म्हणजे वाळवी. जमिनीवर ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका वरून चार वर्षं जसाच्या तसा दिसतो. उचलला की बूड फरशीलाच राहतं, कागद पोकळ झालेला असतो आणि खाली बोटाएवढ्या रुंदीची मातीची रेघ भिंतीकडे गेलेली दिसते. सामान जमिनीपासून आठ इंच वर असेल तर ही रेघ रॅकच्या पायावर चढताना दिसते आणि वेळेत पुसता येते. उंदीर, झुरळं आणि विंचू यांचंही तसंच आहे. त्यांना अंधारी, न हलणारी जागा लागते, आणि जमिनीवरचा ढीग म्हणजे नेमकी तीच.

केव्हा करायचं

वर्षात दोन वेळा हे काम नीट जमतं. पहिली दसऱ्यानंतर, दिवाळीची झाडझूड सुरू व्हायच्या आत. पाऊस परतलेला असतो, सामान एक रात्र अंगणात राहू शकतं. दुसरी महाशिवरात्र ते होळी, कारण तेव्हा कूलर तसेही बाहेर काढायचे असतात. एप्रिल-मे टाळा. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता, आणि टिनाच्या छताखालच्या गॅरेजात बाहेरपेक्षाही जास्त तापतं. काहींच्या मनात पोळ्याचा दुसरा दिवस असतो, पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याला "घेऊन जा गे मारबत" म्हणताना घरातली अडगळही जावी म्हणून. भावना चांगली आहे, पण ते दिवस भर पावसाचे. बाहेर काढलेलं लाकूड आणि पुठ्ठा भिजतो आणि ओलच परत आत येते.

दोन दिवस धरा, सकाळी साडेसहाला सुरुवात. तीन-चार माणसं पुरतात. त्यांपैकी एक तरी घरातलं वडीलधारं असावं, कारण अर्ध्या वस्तू कोणाच्या आणि कशाच्या हे त्यांनाच माहीत असतं.

आधी मोजा

सामान काढण्याआधी टेप घ्या आणि गॅरेज आतून मोजा. शटरच्या चौकटीचं नव्हे, भिंत ते भिंत. बंगल्यातलं गॅरेज पुष्कळदा १० बाय १८ फुटांच्या आसपास असतं, तेच उदाहरण घेऊ.

छोट्या गाड्या ४ मीटरच्या आत असतात, म्हणजे १३ फूट दीड इंचाच्या आत. रुंदी आरसे सोडून साधारण ६८ इंच. १० फूट म्हणजे १२० इंच. त्यातून गाडीचे ६८, रॅकचे १५, रॅक आणि भिंतीमधले २ आणि रॅक-गाडीमधली ८ इंचांची फट वजा केली की २७ इंच उरतात. चालकाला दार उघडून उतरायला तेवढं लागतंच. म्हणून रॅक एकाच भिंतीला येईल, आणि तोही गाडीच्या डाव्या अंगाला. डावीकडची माणसं गाडी आत घेण्याआधी बाहेर उतरू शकतात, चालक नाही. दोन्ही भिंतींना रॅक लावले की आठवडाभरात गाडी बाहेर उभी राहायला लागते आणि गॅरेज परत अडगळीची खोली होतं. दरवेळी चूक याच ठिकाणी होते.

लांबीत १८ मधून १३ गेले की ५ फूट उरतात. शटरकडे सहा इंच सोडा. मागच्या साडेचार फुटांत अडीच फुटी दोन कूलर शेजारी-शेजारी बसतात. आता खडूने गाडीची चौकट फरशीवर आखा आणि पुढच्या चाकासमोर लाकडाचा ठोकळा स्क्रूने पक्का करा, म्हणजे गाडी कूलरला टेकणार नाही. मोजणी कूलर आत आहेत असं समजूनच करायची. एप्रिलमध्ये कूलर खिडकीत असतात, गॅरेज ऐसपैस वाटतं, लोक ती जागा भरून टाकतात आणि पावसाळ्यात कूलर ठेवायला जागा उरत नाही.

पहिला दिवस: सगळं बाहेर

लागणाऱ्या वस्तू: १२ बाय १५ फुटांच्या दोन ताडपत्र्या, चामड्याचे हातमोजे, बंद बूट, मास्क, टॉर्च, तीन-चार फुटी काठी, खराटा, आठ-दहा रिकाम्या गोण्या, तेलरंगाचा छोटा डबा आणि ब्रश.

शटर उघडून अर्धा तास नुसतं थांबा, हवा खेळू द्या. ढिगाखाली, गोणपाटाखाली, विटांच्या फटीत हात घालायचा नाही. आधी काठीने हलवायचं. विंचू शोधायला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च उत्तम: अंधारात त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. साप दिसला तर सगळ्यांनी मागे व्हा, एकाने नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. शहरात ते पुष्कळ आहेत. दंश झालाच तर झाडपाल्यात वेळ न घालवता थेट मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत.

उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरडं झाडू नका. धुळीबरोबर त्या श्वासात जातात. एक लिटर पाण्यात शंभर मिलिलिटर घरगुती ब्लीच घालून शिंपडा, दहा मिनिटं थांबा आणि ओल्या फडक्याने गोळा करा.

बाहेर पाच ढीग लावा: ठेवायचं, द्यायचं, भंगार, धोक्याचं आणि ठरत नाही ते. शेवटच्याला एकच कॅरेट द्या, त्यावर आजची तारीख लिहा आणि पुढच्या वर्षी याच सुमारास न उघडता द्या. एकापेक्षा जास्त कॅरेट दिले तर सगळंच ठरत नाही मध्ये जातं.

दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याने काढायची नाही, हा नियम आधीच सांगा. आईचे पितळी गुंड आणि तांब्याचे गंज ही भांडी तिच्या हाती द्या आणि विचारा, "आई, हे घरात घेऊ का?" वापरायचे असतील तर स्वयंपाकघरात जातील, नसतील तर तीच सांगेल. तिला न विचारता भंगारात गेलेला एक गुंड पुढची दहा वर्षं गॅरेज आवरू देत नाही.

धोक्याचा ढीग

याला घाई करू नका.

दिवाळीचे उरलेले फटाके सर्रास सापडतात. ठेवायचे नाहीत. बादलीभर पाण्यात एक दिवस बुडवून मग कचऱ्यात द्यायचे. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांचे कॅन बंद गॅरेजात नकोत. स्प्रेच्या डब्यांवर ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका असं छापलेलं असतं आणि मे महिन्यात टिनाखालचा रॅक त्या आकड्याच्या जवळ जाऊ शकतो. ते डबे घरात, सावलीच्या कपाटात. जादा गॅस सिलिंडरही इथे ठेवायचा नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर फरशीवर पसरून राहतो, आणि गाडी सुरू करताना एक ठिणगी पुरते.

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी उभीच उचला, आडवी करू नका. आम्ल सांडलं असेल तर खायचा सोडा भुरभुरवा, फेस थांबेपर्यंत थांबा, मग हातमोजे घालून पुसा. ती फुटकळ भंगारात देण्यापेक्षा नवी घेताना दुकानात परत द्या. किंमत वळती होते आणि शिसं योग्य ठिकाणी जातं. शेती असलेल्या घरांत फवारणीच्या औषधांच्या बाटल्या आणि धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या निघतात. उघडायच्या नाहीत, वास घ्यायचा नाही. राहत्या घराला लागून असलेल्या खोलीत या गोष्टींना जागाच नाही. सल्फासला ओल लागली की जीवघेणा वायू सुटतो.

रंगाचे डबे मात्र सरसकट फेकू नका. पाण्याचा रंग काठीने ढवळून एकजीव झाला आणि कुजका वास नसेल तर चांगला आहे. झाकणावर खोलीचं नाव, शेड नंबर आणि वर्ष लिहा. गठ्ठा झाला असेल तर त्यात वाळू मिसळून वाळवा, मग टाका.

भंगार

भंगारवाल्याला बोलवण्याआधी वेगळं करा: लोखंड, टिन, अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, पुठ्ठा, रद्दी, प्लॅस्टिक. एकत्र दिलं की सगळं लोखंडाच्या भावात जातं. कूलरच्या जळालेल्या मोटारीत तांब्याची तार असते, ती वेगळी दाखवा. घरात ताणकाटा असेल तर वजन आधी करून ठेवा.

जुने टायर द्यायचेच. त्यांच्या वळणात साठलेलं वाटीभर पाणी डासांना पुरतं.

फरशी आणि भिंत

गॅरेज रिकामं असताना संध्याकाळी खराट्याने खरवडून झाडा आणि भिंतीचा खालचा एक फूट टॉर्चने निरखा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर एक मोडून बघा. आत पांढरे किडे असतील किंवा दोन दिवसांत नळी परत बांधली गेली तर उधई जिवंत आहे. मग रॅक लावायच्या आधीच उपचार करून घ्या. भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत दर एक फुटावर साधारण १२ मिलिमीटरचं भोक पाडून औषध सोडतात आणि भोक सिमेंटने बंद करतात. नुसतं वरून फवारून जाणाऱ्याला पैसे देऊ नका, जमिनीतली उधई तशी जात नाही.

भेगांचे दोन प्रकार ओळखा. फुटलेला कोपरा, उखडलेली शहाबादी, उंदराचं बीळ यांत एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू. बिळात आधी स्टीलची घासणी कोंबा, उंदीर ती कुरतडत नाही. भिंतीलगतची लांब भेग मात्र दरवर्षी उघडझाप करते. तिथे सिमेंट पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं. ती साफ करून पीयू सीलंटने भरा, ते रबरासारखं ताणतं. भेग कोरडी असेल तरच सीलंट धरतं, म्हणूनही पावसाळा नको.

शटर खाली ओढून आतून बाहेरचा उजेड कुठे दिसतो ते पाहा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून छोटा उंदीर आत येतो. तळाच्या पट्टीला रबर लावून घ्या. झरोका असेल तर बंद करू नका, जाळी बसवा.

रॅक

स्लॉटेड अँगलचा, म्हणजे भोकं असलेल्या पट्ट्यांचा लोखंडी रॅक घ्या. लाकडी फळ्या स्वस्त वाटतात, पण इथे त्या उधईचं खाद्य आहेत. इतवारी-गांधीबागच्या बाजारात अँगल आणि शेल्फ सुटे मिळतात, मापाप्रमाणे कापूनही देतात.

आता महत्त्वाचं: आधी डबे ठरवा, मग शेल्फ. कळमन्याच्या बाजारात संत्र्यासाठी वापरतात ते जाळीदार प्लॅस्टिकचे कॅरेट गॅरेजला सर्वांत सोयीचे. हवा खेळते, आतलं दिसतं, वीस किलो सहज पेलतात. माप साधारण ५४ बाय ३६ सेंटिमीटर, उंची २९. दुकानात नेहमी समोर येणारं शेल्फ तीन फुटी, म्हणजे ९१ सेंटिमीटर. त्यावर एक कॅरेट आडवा बसतो आणि ३७ सेंटिमीटर वाया जातात; दुसरा उभा ठेवला तर सोळा-सतरा सेंटिमीटर बाहेर येतो आणि गाडीच्या आरशाला लागतो. चार फुटी शेल्फवर, १५ इंच खोलीत, दोन कॅरेट नीट बसतात. म्हणून ४८ बाय १५ इंचांची शेल्फ मागा.

एका रॅकला लागतं ते असं: साडेसहा फुटी अँगल ४, शेल्फ ५, नट-बोल्ट ४० (दर शेल्फच्या प्रत्येक कोपऱ्याला दोन), कोपऱ्याच्या तिकोनी पट्ट्या ८ आणि त्यांचे बोल्ट वेगळे, प्लॅस्टिकचे बूट ४, भिंतीसाठी एल क्लॅम्प २. शेल्फचा पत्रा २० गेजचा घ्या. २२ गेज चार फुटांवर कॅरेटच्या वजनाने मधे झोल खातो. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, दुकानात इथे गफलत होते. १८ फुटी भिंतीला असे तीन रॅक बसतात, कूलरची जागा मोकळी राहून.

शेल्फची उंची जमिनीपासून ८, २४, ४०, ५६ आणि ७२ इंचांवर. खालून खराटा जातो, दोन शेल्फमध्ये कॅरेट बसून वर हात जाईल एवढी जागा राहते. रॅक जमिनीवर आडवा ठेवून जोडा, बोल्ट आधी ढिले, उभा केल्यावर गुण्यात, म्हणजे काटकोनात घेऊन मग घट्ट. पहिल्यापासून घट्ट केले की चौथा पाय अधांतरी राहतो. भिंतीपासून दोन इंच सोडा, नाहीतर मागे नळी चढलेली दिसत नाही.

भिंतीला पक्कं करणं ऐच्छिक नाही. वरच्या बाजूला दोन एल क्लॅम्प, ८ मिलिमीटरच्या फास्टनरने. भोक विटेत पाडा, दोन विटांमधल्या दरजेत नाही. दरज भुसभुशीत असते, फास्टनर फिरत राहतो. महाल भागातल्या जुन्या घरांच्या चुन्या-मातीच्या भिंतींत फुगणारा धातूचा फास्टनर वीट फोडतो. तिथे लांब स्क्रू आणि प्लॅस्टिकची गिट्टी, म्हणजे भोकात स्क्रू धरणारी नळी.

जड सामान, म्हणजे अवजारांची पेटी, उरलेल्या टाइल्स, जॅक, खालच्या दोन शेल्फवर. रोज लागणारं कमरेच्या उंचीला. वर्षातून एकदा लागणारं वर. महालक्ष्म्यांच्या आडण्या, मखराच्या पट्ट्या, लायटिंगच्या माळा वरच्या शेल्फवर बंद झाकणाच्या डब्यात जातील, मुखवटे मात्र घरातच ठेवा. उष्णतेने रंग तडकतो. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी पोळा झाला की कोरड्या फडक्याने पुसा, चाकांच्या भोकांत आणि पोटाखाली बारीक पिठासारखा भुसा पडतोय का ते बघा. तो लाकूडकिड्याचा. भुसा नसेल तर जवस तेलाचा एक हात द्या आणि शेल्फवर उघडा ठेवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नाही.

प्रत्येक कॅरेटच्या दोन बाजूंना तेलरंगाने नंबर घाला. मार्कर उन्हाने फिका पडतो. कोणत्या नंबरात काय याची यादी आतल्या भिंतीला लावा आणि तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका. "काकू, होल्डर कुठे आहेत?" याचं उत्तर मग फोनवरच मिळतं. शिडी भिंतीला आडवी, दोन हुकांवर. सायकल पुढच्या चाकाने हुकाला. खराटा, फावडं, पाइप यांना खिळे.

कूलर ठेवण्याची रीत

निम्मी जागा यांची, म्हणून यांच्यावर एक सकाळ खर्च करा.

पाणी पूर्ण काढा. पंप काढून स्वच्छ पाण्यात दोन मिनिटं चालवा, वाळवा, कापडी पिशवीत घालून कूलरच्या आतल्या हुकाला बांधा. वेगळा ठेवलेला पंप मार्चमध्ये सापडत नाही. कूलरच्या बाजूंच्या ताट्यांमधलं जुनं गवत फेका. त्यात बुरशी धरते आणि उंदीर घर करतात. फेकण्याआधी ताटीचं माप कूलरच्या पाठीवर रंगाने लिहा, पुढच्या वर्षी नवं गवत घेताना दोन फेऱ्या वाचतील. खसच्या किंवा हनीकोंबच्या ताट्या असतील तर धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून कागदात गुंडाळा.

टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पाणी लागलं की अळ्या होतात. म्हणून पाण्याची रेघ जिथे उमटली आहे तिथे ताठ ब्रशने, साबण लावून घासा. क्षारांचा थर व्हिनेगरने सुटतो. दिवसभर उन्हात तोंड खाली करून वाळवा. गंज दिसेल तिथे पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, पहिला वाळल्यावरच दुसरा. मग स्टँडवर ठेवा आणि वरून जुनी सुती चादर टाका. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो आणि पत्रा सडतो.

इथे काय नको

खरेदीखतं, सात-बारा, मार्कशीट, फोटोंचे अल्बम, गाद्या, दुलया, लोकरीचे कपडे. उष्णता, ओल आणि कसर यांपैकी एकाने तरी ते जातंच. वर्षाचा गहू भरायची कोठीही रंगाच्या डब्यांच्या खोलीत नको, धान्य वास धरतं. नव्या वस्तूंचे पुठ्ठ्याचे खोके वॉरंटी आहे म्हणून ठेवतात. बिल आणि कार्ड फाइलमध्ये ठेवा. कंपनीकडे परत पाठवण्याची मुदत संपली की खोका रद्दीत.

वर्षभरात दोनदा, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या शेवटी, टॉर्च घेऊन पंधरा मिनिटं द्या. रॅकच्या पायांवर मातीची नळी, शटरखालचं रबर, भिंतीलगतची भेग, सर्वांत खालच्या शेल्फखालची फरशी, एवढंच बघायचं. तिथे एखादा खोका येऊन बसलेला दिसला तर त्याच दिवशी उचला, कारण दुसरा खोका नेहमी पहिल्याच्या वर ठेवला जातो.